भंगारातून उजेड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गारपिटीत फुटलेलं सोलर पॅनल, बंद प्रिंटरची मोटार, लॅपटॉपची उतरलेली बॅटरी. यांवर घरात, गोठ्यात, वावरात छोटे एलईडी दिवे कसे चालवायचे, हे विचारणारे बरेच प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आले आहेत. उत्तरांआधी एक आग्रह: साधा का होईना, पण डिजिटल मल्टीमीटर घ्या. भंगारातल्या वस्तूवरचं लेबल ती नवी असतानाचं असतं. आज ती काय देते ते मीटरच सांगतो, आणि तेही दिवा किंवा बॅटरी जोडलेली असताना मोजलं तरच. मोकळ्या टोकांवर मरतुकडं पॅनलही झकास व्होल्टेज दाखवतं.

प्रश्न : गारपिटीत आमच्या मळ्यातलं २५० वॉटचं पॅनल फुटलं. काचेवर सगळीकडे जाळी पडली आहे. केळीच्या बागेतल्या सालदाराच्या खोलीत दोन-तीन दिवे त्यावर चालतील का? (शेतकरी, रावेर)

बहुतेक वेळा चालतात. पॅनलची काच टफन्ड असते. एका जागी मार बसला की तडे सगळीभर पसरतात, पण खालच्या सेल जागेवर आणि जोडलेल्या राहू शकतात. खरी भीती पाण्याची. ते तड्यांतून आत मुरतं, पट्ट्या गंजवतं आणि ओल्या फ्रेमवर करंट आणतं.

आधी तपासणी. पॅनल सावलीत पालथं ठेवून मागचा जंक्शन बॉक्स उघडा. कडेच्या खाचांत चपटा स्क्रूड्रायव्हर घातला की झाकण सुटतं. आत तांब्याच्या चार पट्ट्या ओळीने दिसतील आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांना जोडणारे तीन काळे डायोड. ६० सेलच्या पॅनलमध्ये २०-२० सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, म्हणजे गट बंद पडला तर करंटला बाजूने वाट देणारा. आता पॅनल दुपारच्या उन्हाकडे वळवा आणि लगतच्या दोन-दोन पट्ट्यांवर व्होल्टेज मोजा. प्रत्येक गटाने साधारण ११ व्होल्ट दाखवले पाहिजेत. एखादा गट शून्याजवळ असेल तर त्याच्या डायोडचा एक पाय सोडवून पुन्हा मोजा. ११ परत आले तर डायोडच शॉर्ट झाला होता. त्या जागी १५ अँपिअर, ४५ व्होल्टचा शॉट्की डायोड (स्वतःत कमी व्होल्टेज खाणारा प्रकार) टाका. शून्यच राहिलं तर गटातली एखादी पट्टी किंवा सेल तुटली आहे. तो गट सोडून द्या.

मग करंट. मागच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट १० अँपिअरच्या आत असेल तरच मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून मोजा. पॅनलवर गोधडी टाकून अंधार करा, मीटर जोडा, गोधडी काढून पाच सेकंदांत आकडा वाचा, पुन्हा झाका आणि मगच वायर काढा. भर उन्हात वायर ओढली तर ठिणगी लांब पडते. लेबलवर ८.५ असताना मीटर ६ दाखवत असेल तरी तुमच्या कामाला ते रग्गड आहे.

आता जोडणी. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी लगतचे दोन गट, म्हणजे ४० सेल घ्या: पहिली आणि तिसरी पट्टी, किंवा दुसरी आणि चौथी. ४० सेल लोडवर, म्हणजे बॅटरी किंवा दिवा जोडलेला असताना, २० व्होल्टच्या आसपास देतात. पण आपल्याकडे मे महिन्यात पॅनलचं अंग ६५-७० अंशांवर जातं आणि प्रत्येक सेल प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट गमावते. ४० सेल आणि ४० अंश, म्हणजे तीन-सव्वातीन व्होल्ट गेले. उरले १७, ते पुरतात. एकच गट घेतला तर कडक उन्हात ८-९ व्होल्ट हातात येतात. त्यावर १२ व्होल्टची बॅटरी कधीच भरत नाही, आणि लोक दोष बॅटरीला देतात.

दुसरी चूक याच्या उलटी. यूपीएसमधून काढलेली ७ अँपिअर-अवरची बॅटरी २ अँपिअरच्या पुढे चार्ज करायची नसते. पॅनल ६-८ अँपिअर ढकलतं आणि पॅनल आणि बॅटरीच्या मधला साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर ते सगळं जाऊ देतो. बॅटरी तापते, फुगते. म्हणून मधे एक्सएल ४०१५ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज खाली आणणारं छोटं कार्ड) घाला, दोन स्क्रू असलेलं: एक व्होल्टेजचा, दुसरा करंटचा. आधी आउटपुटला काही न जोडता व्होल्टेजचा स्क्रू लावून घ्या (किती ते पुढे आहे), मग आउटपुट अँपिअर मीटरमधून शॉर्ट करून करंट १.५ अँपिअरवर आणा. मॉड्यूल आणि बॅटरी यांच्या मधे ३ अँपिअरचा शॉट्की डायोड द्या, नाहीतर रात्री बॅटरीच मॉड्यूलला पोसते. डायोडनंतर, बॅटरीच्या टोकांवर १३.६ व्होल्ट यायला हवेत. एप्रिल-मे मध्ये ते १३.३ वर उतरवा. गरम झालेल्या लेड-ॲसिड बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, जास्त दिलं तर ती आतून सुकते.

तडे बंद करायला साधं इपॉक्सी ओतू नका. वर्षभरात उन्हाने ते पिवळं पडतं. दोन-तीन दिवस पॅनल कडक उन्हात वाळवा आणि पारदर्शक पीयू वार्निशचे दोन पातळ हात द्या. कडांना सिलिकॉन. तरीही फुटलेल्या पॅनलमध्ये एखादी तडकलेली सेल जळजळीत तापू शकते, त्यामुळे ते पऱ्हाट्यांच्या ढिगावर किंवा कापूस ठेवलेल्या शेडच्या कुडावर चढवू नका. लोखंडी अँगलवर, मागून वारा खेळेल असं बसवा. महिन्याभराने मागची पांढरी पाठ पाहा. तपकिरी डाग उमटला असेल तर तो गट काढून टाका.

दोन ताकीद. फुटलेलं पॅनल सौरपंपाच्या ओळीत पुन्हा जोडायचं नाही. तिथे पॅनल एकामागोमाग जोडलेली असतात आणि कित्येकशे व्होल्ट साठतात. आणि पॅनल सरकारी योजनेतल्या पंपाचं असेल तर हात लावण्याआधी वॉरंटी आणि विम्याची कागदं बघा, बदलून मिळू शकतं. हे सगळं तीन गटांच्या जुन्या पॅनलसाठी आहे. अर्धी कापलेल्या सेलची नवी पॅनल, ज्यांच्या पाठीवर मध्यभागी तीन छोटे बॉक्स असतात, ती आतून वेगळी जोडलेली असतात. त्यांचे गट असे सुटे काढता येत नाहीत.

प्रश्न : प्रिंटरमधली स्टेपर मोटार काढून तिला पाती लावली. वारा आला की एलईडी लुकलुकतो, पण सलग लागत नाही. मोठा कपॅसिटर लावला तरी तेच. (आयटीआय विद्यार्थी, शहादा)

कपॅसिटरकडून तुम्ही बॅटरीचं काम मागता आहात. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २० मिलिअँपिअरच्या एलईडीला सेकंदाचा विसावा भाग पुरतो आणि तेवढ्यात त्याचा एक व्होल्ट उतरतो. वाऱ्याच्या दोन झुळुकांमधलं अंतर असतं पाच-दहा सेकंदांचं. मोटारीची खडखड सपाट करण्यापुरता कपॅसिटर ठेवा. उजेड सलग हवा तर साठवण लागेल: निकेल मेटल हायड्राइडच्या तीन पेन्सिल सेल, मिळून ३.६ व्होल्ट.

जोडणी अशी. चार वायरच्या मोटारीत दोन कॉइल असतात. दोन वायर एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट चिमटीत फिरवा. एरवी बारीक खट्‌-खट्‌ खाचा लागतात. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट एकदम मधात बुडवल्यासारखा जड होतो. तीच एका कॉइलची जोडी. सहा वायर असतील तर मीटरवर सर्वात जास्त ओहम दाखवणारी टोकं घ्या, मधल्या वायर इन्सुलेट करून सोडा.

कॉइलमधून निघतो तो एसी आणि बॅटरीला हवा डीसी, म्हणून प्रत्येक कॉइलला तो बदल करणारा चार डायोडचा स्वतंत्र ब्रिज, एकूण आठ. १एन४००७ वापरलात तर प्रत्येक ब्रिजमध्ये सुमारे १.४ व्होल्ट जातात, १एन५८१९ शॉट्कीमध्ये ०.६ च्या आसपास. मंद वाऱ्यात मोटार चारच व्होल्ट देत असते, तिथे हा फरक दिवा लागणं आणि न लागणं यातला आहे. दोन्ही ब्रिजचे प्लस एकत्र, मायनस एकत्र, तिथेच कपॅसिटर आणि मग बॅटरी.

कपॅसिटर ६३ व्होल्टचा घ्या. बॅटरीची वायर सुटली आणि वारा जोरात असला तर मोकळी फिरणारी स्टेपर ४०-५० व्होल्टही देते, २५ व्होल्टचा कपॅसिटर फुगून फुटतो. बॅटरी जोडलेली असताना मात्र स्टेपर स्वतःच आवरती राहते: वेग वाढला की कॉइलचा स्वतःचा विरोधही वाढतो, त्यामुळे करंट एका मर्यादेपुढे जात नाही.

पाती सुरूच होत नसतील तर कारण त्या खाचा. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा ३० सेंमी तुकडा उभा चार भागांत चिरा. तीन पाती झाली, चौथं राखीव. बुंध्याला पूर्ण रुंदी, म्हणजे साडेआठ सेंमी ठेवा आणि टोकाकडे साडेतीनपर्यंत निमुळतं करा. वारा कापणारी कड गोल घासा, मागची कड पातळ. हबवर बसवून हळूच फिरवा. दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे, टोक घासा. तोल गेलेली चक्की महिन्याभरात शाफ्टची बुशिंग खाते.

मिळेल किती? ६० सेंमी व्यासाच्या चक्कीच्या तोंडावर ताशी १४-१५ किमी वाऱ्यात साधारण ११ वॉट ताकद येते. घरगुती पात्यांत आणि स्टेपरमध्ये वजावट होऊन वॉटभर हाती लागली तरी काम चांगलं जमलं म्हणा. ५ मिमीचा पांढरा एलईडी २० मिलिअँपिअरवर ०.०६ वॉट खातो. हिशोब लावून बघा, दहा-बारा एलईडी सहज निघतात. पण वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश उरते, म्हणून दिव्यांची संख्या ठरवताना मंद दिवस धरा.

प्रश्न : टेबलफॅनची मोटार चक्कीला चालेल का? आमच्याकडे चार पडून आहेत. (चोपडा)

नाही. तिच्यात चुंबक नसतो. ती इंडक्शन मोटार आहे, हाताने फिरवली तर काहीच देत नाही. तांब्याच्या भावाने विका आणि त्या पैशांत स्कॅनरची मोटार, गाडीच्या रेडिएटर पंख्याची मोटार किंवा ई-बाइकची हब मोटार शोधा. भंगाराच्या दुकानात उभ्या उभ्या परीक्षा करता येते: मोटारीच्या दोन वायर एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवा. जड झाला तर आत चुंबक आहे आणि कॉइल शाबूत आहे. ब्रश झिजलेले असतील तर मात्र जड होणार नाही, ते उघडून पाहावं लागतं.

प्रश्न : जळालेल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बातले चांगले एलईडी सोडवले. मोबाइलच्या बॅटरीवर एकही पेटत नाही. सगळेच गेले का? (भुसावळ)

गेलेले नसतील. बल्बातल्या त्या पिवळ्या चौकोनी तुकड्यात बऱ्याचदा एक नसून तीन चिप्स एकामागोमाग बसवलेल्या असतात, त्यामुळे त्याला ९ व्होल्ट लागतात. काहींत दोन, म्हणजे ६. मोबाइलचे ३.७ व्होल्ट त्याला पोहोचतच नाहीत. मल्टीमीटरची डायोड तपासणीही याच कारणाने फसते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घेऊन दोन्ही दिशांनी लावून पाहा. मंद उजळला तर चांगला. मध्यभागी काळा ठिपका दिसतो तो गेलेला.

हे तुकडे १२ व्होल्टच्या बॅटरीला मात्र अगदी साजेसे आहेत. एका तुकड्याला १५० ओहम, अर्धा वॉटचा रेझिस्टर द्या. बॅटरी १३.८ वर असताना ३४ मिलिअँपिअर जातात, १२ वर २२. तुकडा थंड राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. रेझिस्टरचा हिशोब नेहमी बॅटरीच्या सर्वात वरच्या व्होल्टेजवर करा. १२ धरून काढलेला रेझिस्टर चार्जिंगच्या वेळी एलईडी भाजतो.

सोडवताना ॲल्युमिनियमची चकती उलट्या ठेवलेल्या जुन्या इस्त्रीवर, सर्वात जास्त आचेवर धरा. कथील पातळ झालं की चिमट्याने एलईडी अलगद उचलता येतो. सोल्डरिंग आयर्नने एकेक पाय तापवत बसलात तर पिवळा थर उचकटतो. बल्ब उघडण्याआधी होल्डरमधून काढलेला असावा, आणि आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरची दोन टोकं १० किलोओहमच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडून तो रिकामा करा.

प्रश्न : अंगणातले सोलर खांब-दिवे दोन पावसाळ्यांत मंद झाले. मोठ्या क्षमतेची सेल टाकली तरी तासाभरात विझतात. (गृहिणी, अमळनेर)

सेल मोठी करून उजेड वाढत नाही, कारण भरणारं पॅनल तेवढंच आहे. त्या छोट्या २ व्होल्टच्या पॅनलमधून नवं असताना ४०-५० मिलिअँपिअर येतात. पाच तासांच्या उन्हात दोन-अडीचशे मिलिअँपिअर-अवर, त्यातले सत्तर टक्के साठतात. दिवा १५-२० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे आठ-दहा तास. २००० ची सेल टाकली तरी तिच्यात दीडशेच भरणार.

तुमच्या दिव्यात पॅनलवरचा राळेचा थर पिवळा-धुरकट झाला असणार. दुपारी सेल काढून पॅनलच्या दोन टोकांवर करंट मोजा. १५-२० च्या खाली असेल तर तो थर १००० नंबरच्या आणि मग २००० नंबरच्या पाणकागदाने पाणी लावून घासा आणि पारदर्शक वार्निशचा एक हात द्या. बऱ्याचदा निम्म्याहून जास्त करंट परत येतो. सेलची स्प्रिंग हिरवी पडली असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा आणि कोरडी करा.

आत १.२ व्होल्टची रिचार्जेबल सेलच हवी. घड्याळाची साधी १.५ व्होल्टची टाकली तर पॅनल तिला चार्ज करायला बघतं, ती गळते आणि खालची पट्टी खाते. दिवा रस्त्याच्या दिव्याखाली असेल तर तो लागणारच नाही. आतली चार पायांची आयसी अंधार झाला की नाही ते पॅनलवरूनच ओळखते.

प्रश्न : लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतल्या गोल सेल पत्र्याच्या शेडमध्ये पॅनलच्या पाठीशी डब्यात ठेवल्या होत्या. मे महिन्यात दोन सेल गेल्या, एकीचा वास येत होता. आमचं काय चुकलं? (यावल)

जागा चुकली. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. यावल-भुसावळकडे मे मध्ये सावलीतला पाराच ४५ ला टेकतो. तापलेल्या पॅनलच्या पाठीशी बंद डब्यात तो साठच्या पुढे जातो. वास आलेली सेल आतला द्रव सोडते आहे. ती पुन्हा वापरू नका, घरातही ठेवू नका.

बाकीच्या सेल एकेक तपासा. २.५ व्होल्टच्या खाली उतरलेली बाजूला काढा. उरलेल्या पूर्ण भरून आठवडाभर नुसत्या ठेवा; ४ व्होल्टच्या खाली आलेली आणि चार्जिंगमध्ये कोमट झालेली, दोन्ही बाद. समांतर जोडायच्या सेलच्या व्होल्टेजमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जोडल्याक्षणी भरलेली सेल रिकामीत जोराने ओतते. बाद सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या. उकिरड्यावर किंवा शेकोटीत कधीच नाही.

चार्जिंगला टीपी ४०५६ चं मॉड्यूल, संरक्षणाची आयसी असलेलं, म्हणजे बॅटरी आणि आउटपुट यांची टोकं वेगळी असलेलं घ्या. त्याला ८ व्होल्टच्या वर सहन होत नाही, म्हणून ६ व्होल्टचंच पॅनल. ते कारखान्यातून १ अँपिअरवर लावून येतं, कारण त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. छोटं पॅनल तेवढं देऊ शकत नाही, त्याचं व्होल्टेज कोसळतं आणि चार्जिंग चालू-बंद होत राहतं. तो रेझिस्टर बदला: ५ किलोओहमला २५० मिलिअँपिअर, १० किलोओहमला १३०. पॅनल भर उन्हात जेवढं देतं त्याच्या थोडं खाली ठेवा.

आणि डबा आत आणा. पॅनल बाहेर, पाच-सात मीटर वायर, बॅटरी धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात. मातीचं जाड छप्पर दुपारीही थंड राहतं, पत्र्याच्या शेडची आणि त्याची बरोबरी नाही. थोडे पैसे घालायची तयारी असेल तर आमच्या मते खान्देशात लिथियम आयर्न फॉस्फेटची सेल घ्यावी. ३.२ व्होल्टची ही सेल उष्णता जास्त सोसते. पण तिला टीपी ४०५६ लावू नका, ते ४.२ व्होल्टपर्यंत नेतं. टीपी ५००० घ्या आणि त्यावरची निवड ३.६ वर करा.

प्रश्न : ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, मग आमच्या घरावर छोटी का नको? बंद पडलेला बीएलडीसी सीलिंग फॅन आहे, सोलरही आहे. दोन्ही एका बॅटरीला जोडायचं आहे. (साक्री)

साक्रीच्या पठारावर करण्यासारखं आहे. जून ते ऑगस्ट ढगांमुळे पॅनल निम्म्यावर येतं, तेव्हाच वारा सर्वात जोरात असतो. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात मात्र झाडांच्या आणि घरांच्या उंचीवर वारा अडखळतो. तिथे चक्कीचे पैसे दुसऱ्या पॅनलमध्ये घाला असंच आम्ही सांगू.

बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा पंखा हा चांगला माल आहे. त्याच्या फिरत्या भांड्यात चुंबक असतात आणि बंद पडतं ते बहुतेकदा आतलं कंट्रोलर कार्ड. कार्ड काढा, स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या कॉइलच्या भागाच्या, तीन वायर बाहेर आणा. दोन वायरवर मीटर एसी व्होल्टवर लावून भांडं हाताने जोरात फिरवा. पाच-दहा व्होल्ट आले तर कमी व्होल्टेजचा पंखा, कामाचा. पन्नास-शंभराच्या घरात आले तर तो उच्च व्होल्टेजवर चालणारा. झटका बसेल आणि करंट नगण्य मिळेल, सोडून द्या. कामाच्या पंख्याला सहा डायोडचा ब्रिज लागतो: प्रत्येक वायरमधून एक प्लसकडे, एक मायनसकडून. ५ अँपिअरचे शॉट्की पुरतात. पंख्याची मूळ पाती वारा ढकलण्यासाठी असतात, वाऱ्याने फिरण्यासाठी नव्हे. १६० मिमी पाइपची तीन पाती, एकूण व्यास १.२ मीटर, हे बरं चालतं.

दोन्ही एका बॅटरीला जोडता येतात, पण एका कंट्रोलरमधून नाही. सोलर कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनल तोडतो. पॅनलला त्याचं काहीच वाटत नाही. चक्की मात्र लोड गेला की सुसाट सुटते, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलरचा मॉस्फेट, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतो. म्हणून पॅनल कंट्रोलरमधून आणि चक्की ब्रिजमधून थेट बॅटरीवर, मधे १० अँपिअरचा फ्यूज. जास्तीची वीज जिरवायला व्होल्टेज रिले: १४.४ ला चालू, १३.२ ला बंद, आणि तिच्यावर मोटारसायकलचा २१ वॉटचा ब्रेक-लाइट बल्ब. वारा जोरात असला तर दोन.

आता सर्वात महत्त्वाचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. केळीच्या बागा झोपवणाऱ्या मे-जूनच्या वावधानात १.२ मीटरची चक्की हाताने थांबवण्याची गोष्ट नाही. तीन वायर एकत्र शॉर्ट करणारा स्विच खाली लावा आणि आभाळ काळं होताना, चक्की हळू असतानाच दाबा. जोरात फिरताना दाबला तर ती थांबेलच असं नाही, कॉइल मात्र तापेल. खांब बुंध्याशी बिजागरीचा करा म्हणजे दोन माणसांत आडवा होतो. छपराला बांधू नका. भिंती थरथरतात आणि छपरावरून उसळणारा वारा पाती तोडतो. घरापासून वेगळा, आजूबाजूच्या छपरांपेक्षा निदान तीन मीटर उंच, तीन बाजूंनी ताण दिलेला लोखंडी पाइप हवा.

प्रश्न : शाळेतल्या मुलांकडून घड्याळाच्या उतरलेल्या सेलवर एलईडी लावून घ्यायचा आहे. सामान कमीत कमी हवं. (शिक्षिका, धडगाव)

उतरलेल्या सेलमध्ये १.१-१.२ व्होल्ट उरलेले असतात. पांढऱ्या एलईडीला ३ लागतात. मधली उडी मारायला एक फेराइट रिंग, एक ट्रान्झिस्टर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. रिंग जुन्या सीएफएलच्या कार्डवर मिळते. सीएफएल मोठ्यांनीच उघडावा आणि काचेची नळी अजिबात फोडू नये, आत पारा असतो. ट्रान्झिस्टर बीसी ३३७ घ्या. कार्डवरचे ट्रान्झिस्टर या कामाला मंद पडतात.

लाल आणि हिरवी अशा दोन बारीक वायर एकत्र धरून रिंगवर १५ वेढे द्या. लाल वायरचं शेवटचं टोक आणि हिरवीचं पहिलं टोक जोडा, ते सेलच्या प्लसला. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात. लालचं उरलेलं टोक रेझिस्टरमधून बेसला, हिरवीचं उरलेलं कलेक्टरला. एमिटर मायनसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड एमिटरला. लागला नाही तर एका वायरची दोन टोकं अदलाबदल करा. दहातल्या नऊ मुलांचं इथेच उलटं होतं. एलईडी काढून सर्किट चालू ठेवू नका, कलेक्टरवर उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतं.

फुटक्या सोलर सेलचे तुकडे असतील तर त्यावरही दिवसा दाखवता येईल. एक तुकडा लहान असो की मोठा, अर्धाच व्होल्ट देतो. आकाराने फक्त करंट वाढतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर ०.६-०.७ शिवाय जागा होत नाही, म्हणून तीन तुकडे एकामागोमाग लावा. निळी बाजू मायनस, पाठ प्लस. तुकडे कागदासारखे मोडतात, कडा बोटं कापतात; आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मग मुलांच्या हातात द्या.

प्रश्न : बॅटरी घरात आणि दिवा विहिरीजवळ, साठ मीटरवर. तिथे दिवा मंद का? (पारोळा)

वायर खाते. १ चौरस मिमी तांब्याची वायर, जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे सुमारे २.२ ओहम. १२ व्होल्टवर १ अँपिअरची पट्टी लावली तर २.२ व्होल्ट वाटेतच गेले. त्या पट्टीत तीन-तीन एलईडी ओळीत असतात, त्यांना ९ व्होल्टच्या वर उरेल तेवढाच उजेड. विहिरीच्या काठावर पाय कुठे पडतो ते दिसायला १ अँपिअर लागत नाही. बल्बातल्या चार तुकड्यांना, प्रत्येकी १५० ओहम लावून, मिळून १२०-१३० मिलिअँपिअर पुरतात आणि घट पाव व्होल्टवर येते. पिवळसर उजेडाचे तुकडे निवडा, पावसाळ्यात किडे कमी येतात. जोड विहिरीच्या कठड्यावर न देता खांबावर, तोंड खाली केलेल्या डबीत द्या. दमट हवेत आधी हिरवा पडतो तो हाच जोड, आणि दिवा पुन्हा मंद झाला की मीटर सर्वात आधी तिथे लावा.